अकरा नंबरचे बारसे

१

अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरमधले घर उन्हाळ्यात सकाळी आठ वाजताच बंद होते. खिडक्यांवरच्या पट्ट्या मिटतात, जाड पडदे ओढले जातात, आणि पुढचे दहा तास बाहेरच्या पंचेचाळीस अंशांशी त्या घराचा काही संबंध उरत नाही. आत वातानुकूलन यंत्राची घरघर चालू असते. तिची इतकी सवय होते की ती कधी मिनिटभर थांबली, तरच ऐकू येते.

२००७ सालच्या ऑगस्टमध्ये मी तेथे होते. माझा धाकटा भाऊ उल्हास सकाळी साडेसहाला चिप बनवणाऱ्या कारखान्यात जाई. त्याची पत्नी कांचन सातला आपल्या प्रयोगशाळेत जाई. मग घरात आम्ही दोघीच उरत असू, मी आणि माझी भाची आरोही. तिचे वय अठरा, उंची पाच फूट नऊ इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघातली डावखुरी खेळाडू. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी ती दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात राहायला जाणार होती, आणि तिला निरोप द्यायला मी नागपूरहून आले होते. मराठी तिला सगळे कळे, बोलताना मात्र निम्मे इंग्रजी येई. हाक मारली की ती हमखास म्हणे, "व्हॉट?" माझ्या भावाने "ओ म्हण, ओ" असे अठरा वर्षे सांगून पाहिले होते. तिने एकदाही म्हटले नव्हते.

मी आल्या दिवशीच उल्हासने मला गॅरेजमध्ये गाठले.

"ताई, ते तेवढं बोलू नकोस हं तिच्यासमोर."

"अठरा वर्षं झाली, उल्हास."

"झाली ना? आणखी अठरा जाऊ देत. कांचनला नाही सहन होत गं."

'ते' म्हणजे असे. आरोही जुळ्यांतली एक होती. दुसरा मुलगा होता. तो अकरा दिवस जगला. हे आरोहीला ठाऊक नव्हते.

विद्यापीठात मी तीस वर्षे लोकसाहित्य शिकवले आणि त्यातही नामकरणाच्या विधींचा विशेष अभ्यास केला. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसे होते आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. त्याआधी गेलेल्या बाळाला नाव नसते. त्याला दहन नाही, श्राद्ध नाही, आणि त्याला कोणी हाकही मारीत नाही. विधीच्या दृष्टीने ते बाळ आलेलेच नसते. हे सगळे मी वर्गात निर्विकारपणे सांगत असे.

१९८९ मध्ये मी अभ्यासवृत्तीवर अमेरिकेतच होते. कांचनच्या आईला व्हिसा मिळाला नाही, म्हणून बाळंतपणाला मी आले. अकराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी उल्हास आणि कांचनला बाहेर बोलावून मुलाची आशा नसल्याचे सांगितले. मी तेवढ्यात आत गेले. दोन काचेच्या पेट्या शेजारी शेजारी होत्या. खिडकीकडची मुलाची, आतली मुलीची, हे दहा दिवसांत मला पाठ झाले होते. दोघांच्याही डोक्यावर सारखीच टोपी, तोंडावर सारख्याच नळ्या. माझे डोळे भरले होते आणि हातमोज्यांमुळे चष्मा पुसता येत नव्हता. परिचारिकेने खिडकीकडच्या पेटीचे गोल दार उघडून दिले. मी वाकले आणि त्या बाळाच्या उजव्या कानात एक तीन अक्षरी नाव सांगितले.

दिवस चुकीचा होता, हे माझ्याइतके कोणाला कळणार होते? पण त्याने बिननावाचे जाऊ नये, एवढेच मला सुचले. संध्याकाळी तो गेला. दफनभूमीतल्या छोट्या पितळी पाटीवर आडनाव आहे, आणि त्याआधी 'बेबी बॉय'. मी नाव सांगितल्याचे कोणालाही ठाऊक नाही. ते नाव मी येथेही लिहिणार नाही.

२

आरोहीचा दिवस दहा वाजता सुरू होई. पायजम्यातच ती दिवाणखान्यात येऊन गालिच्यावर बसे आणि टीव्हीला जोडलेला खेळ सुरू करी. कॉलेजांच्या बास्केटबॉलचा खेळ होता तो. प्रेक्षकांचा गजर, लाकडी जमिनीवर बुटांचे करकरणे, आणि या सगळ्यावर एका समालोचकाचा उत्साही आवाज.

"आत्या, बघणारेस की झोपणारेस?"

"बघते."

"यू वोन्ट गेट इट."

"खंडोबाची जागरणंही मला पहिल्यांदा कळली नव्हती. बसून बसून कळली."

दोन दिवसांत मला मुख्य गोष्ट कळली. त्या खेळाडूंना नावे नव्हती. पडद्याच्या तळाशी प्रत्येकाची जागा आणि नंबर तेवढा दिसे.

"ते कॉलेज प्लेअर्स आहेत ना," आरोहीने समजावले, "प्रो नाहीत. सो त्यांची खरी नावं गेममध्ये टाकायला अलाउड नाहीये. आपणच टाईप करायची. समालोचन करतो ना तो माणूस, त्याच्याकडे रेकॉर्ड केलेल्या नावांची लिस्ट आहे. लिस्टमधलं असेल तर तो नाव घेतो, नाहीतर नुसता नंबर."

"आणि तू टाकली नाहीस नावं?"

"कंटाळा! ट्वेल्व्ह लोक आहेत."

बारा बिननावाची मुले. पुढची सूचना माझीच होती, हे मला येथे नोंदवलेच पाहिजे.

"मग बारसंच करू की. आत्या आहेच घरात."

ती खदखदून हसली. डब्यातले चणे गरम करून आम्ही घुगऱ्या केल्या. मी टीव्हीशी वाकून एकेकाला आमच्या नातलगांतले नाव सांगायचे, तिने ते टाईप करायचे आणि "कुर्रर्र" करीत माझ्या पाठीवर थाप द्यायची, असे ठरले. बारशाला आत्याच्या पाठीवर बायकांच्या थापा पडतात, हे तिने तेथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत पाहिले होते.

"गिरीशकाकांना सेंटर कर," मी म्हटले. "उंच आहेत, आणि जागचे हलत नाहीत."

"ओ माय गॉड, आत्या! आणि पुरुषोत्तमकाका?"

"बाकावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं."

"शुटिंग गार्ड राहिला. नंबर इलेव्हन."

"त्याला आपल्या आजोबांचं दे. राजाराम."

मी पडद्याशी वाकून "राजाराम" म्हटले. पाठीवर थाप पडली. बाराही नावे जतन झाली, चणे संपले, आणि मी आडवी झाले. परक्या देशातली ती दुपार इतक्या दिवसांनी मला आपल्या घरची वाटली होती.

३

दुसऱ्या दिवशी अकरा नंबरच्या नावाची जागा रिकामी होती.

"वियर्ड," आरोही म्हणाली. "ब्लँक होऊच शकत नाही. बघ." तिने गिरीशकाकांचे नाव पुसून रिकामी जागा जतन करण्याचा प्रयत्न केला. यंत्राने एक तुटक आवाज केला आणि नकार दिला. "नाव कंपल्सरी आहे."

तिने पुन्हा राजाराम लिहिले. तिसऱ्या दिवशी जागा पुन्हा रिकामी. मग तिने सुमंत लिहिले, नरेंद्र लिहिले, एकदा रागाने स्वतःच्या प्रशिक्षकाचे नाव लिहिले. बाकीची अकरा नावे जशीच्या तशी राहत. ती एकच जागा सकाळी कोरी असे.

संध्याकाळी मी उल्हासला विचारले.

"मेमरी कार्ड गेलं असेल," तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "तुला काय वाटलं ताई, भूतबीत? इकडच्या भुतांना सोशल सिक्युरिटी नंबर लागतो."

मीही हसले. त्याचे स्पष्टीकरण पुरेसे होते. एका कथेमागे एक साधे कारण असले की अभ्यासकाने तेथे थांबावे, असे मीच शिकवत आले होते.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. समालोचकाच्या साठ्यात आमच्या मराठी नावांपैकी एकही नव्हते. म्हणून बाकीच्या सगळ्यांना तो नंबरानेच पुकारी. अकरा नंबरला मात्र तो नंबरानेही पुकारीत नव्हता. चेंडू त्याच्याकडे गेला की वाक्य सुरू होई, मध्येच थांबे, आणि मग पुढे चालू लागे. "नाऊ इट्स," आणि मग शांतता, आणि मग "फॉर थ्री!" प्रेक्षकांचा गजरही तेवढा वेळ थांबे. मी ती पोकळी मोजली. नंतर दहा वेळा मोजली. ती दर वेळी सारखीच होती.

तीन अक्षरे मावतील एवढी.

४

त्याचा कान मला आठवड्याच्या शेवटी दिसला.

फाउल झाले की खेळाडू रेषेवर उभा राहून, कोणी न अडवता, बास्केटमध्ये चेंडू टाकतो. प्रत्येकाच्या ठरीव हालचाली असतात. कोणी चेंडू आपटतो, कोणी खांदे उडवतो. अकरा नंबर रेषेवर आला तेव्हा त्याने बास्केटकडे पाहिलेच नाही. तो आमच्या दिशेला वळला, म्हणजे पडद्याच्या बाहेरच्या बाजूला, आणि त्याने मान किंचित कलती करून उजवा कान पुढे केला.

एवढेच. चेहरा पुसट होता. त्या खेळातले चेहरे तसेही एका साच्यातले होते. पण ती मान मला ओळखीची वाटली. बारशाच्या पाळण्यावर मी शेकडो वेळा वाकले आहे. कानाशी कोणाचा श्वास लागला की तान्हे मूल अशीच मान फिरवते.

"हे सगळेच असं करतात का गं?"

"काय?"

"असं. ऐकल्यासारखं."

"नोप. तोच. आणि तो लेफ्टी आहे बघ, मी त्याला लेफ्टी केलाच नव्हता." तिने चेंडू टाकण्याचे बटण दाबले. तो हलला नाही. तिने पुन्हा दाबले. अखेर वेळ संपल्याची शिट्टी वाजली, तरी त्याचा कान आमच्याकडेच होता.

"आरोही, बंद कर ते."

तिने उत्तर दिले नाही.

"आरोही."

ती पडद्याकडे बघत होती. कानांत काही घातलेले नव्हते. मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकून म्हणाली, "व्हॉट? यू स्केअर्ड मी. हाक तरी मारायचीस."

"दोनदा मारली."

"आर यू शुअर?"

मला खात्री होती. तरी तरुण मुले ऐकत नाहीत, हेही तितकेच खरे होते. त्या दिवसापासून मी तिला हाका मारून त्यांचा हिशेब वहीत ठेवू लागले. सोमवारी सात हाकांपैकी तिने चारांना उत्तर दिले. मंगळवारी दोनांना. बुधवारी एकीलाही नाही. "ए मुली", "अगं", "इकडे ये" म्हटले की ती लगेच वळे. केवळ तिचे नाव तिच्याजवळ पोचत नव्हते.

आता मला कारण पुरत नव्हते. मी मनाशी अशी मांडणी केली. त्याला नाव हवे आहे. ते मिळेपर्यंत तो वाट पाहील. आणि वाट पाहताना, जुळ्या भावाने बहिणीचा हात धरावा तसे, तो तिलाही आपल्या बाजूला, जेथे नावे नसतात तेथे, ओढत राहील. ही मांडणी लिहिताना माझे अक्षर बिघडले, हे मला नंतर दिसले.

५

बुधवारी संध्याकाळी कांचनने मला गाडीतून खरेदीला नेले. आरोहीच्या खोलीसाठी चादरी घ्यायच्या होत्या. दुकानाच्या प्रचंड वाहनतळावर तिने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केले नाही. थंड वारा तिच्या तोंडावर येत होता.

"विनीताताई, उल्हासनं तुम्हाला काही बोलू नका म्हणून सांगितलं असेल."

"सांगितलंय."

"मला सहन होत नाही म्हणून ना?" ती हसली. "त्याला सहन होत नाही. मी दर वर्षी जाऊन येते तिथं. त्याला सांगत नाही एवढंच."

मी तिचा हात धरला. ती समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिली.

"मी एवढंसं काहीतरी केलं त्याच्यासाठी, एवढंच समाधान आहे. त्या शेवटच्या दिवशी सकाळी मी बघितलं, पडद्याच्या फटीतून त्याच्या तोंडावर ऊन येत होतं. मी नर्सला म्हटलं, ह्याला आत घ्या. ती चांगली होती बिचारी. घेतलं तिनं. दिवसभर सावलीत होता."

"चांगलं केलंस," मी म्हटले.

"आरोही हल्ली ऐकत नाही हो हाक मारली तर. तुमच्या लक्षात आलं?"

"जायच्या आधी असंच होतं मुलांचं."

तिला ते पटले, किंवा पटवून घ्यायचे होते. घरी आल्यावर मी सवयीने दिवसाची टिपणे लिहिली. उन्हाची ती हकिगतही लिहिली, तिच्याच शब्दांत. आईच्या स्मृतीचे स्वरूप, एवढाच शेरा बाजूला केला. टिपून घेतलेले पुन्हा वाचायचे असते, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

६

गुरुवारी मी खेळाच्या यंत्राची वायर काढून माझ्या बॅगेत ठेवली. आरोहीने तक्रार केली नाही. मला ते अधिक भयंकर वाटले.

ती जेवणाच्या टेबलाशी कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज भरत होती. पत्ता, जन्मतारीख, आजार, आहार, सगळे तिच्या गोल अक्षरात भरलेले होते. सर्वांत वरची ओळ कोरी होती.

"नाव राहिलंय तुझं."

"हो. नंतर भरते."

"आत्ता भर ना. काय लागतं त्याला?"

तिने पेन टेकवले. पेन तसेच टेकून राहिले आणि त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग तिने वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. परीक्षेत सोपे उत्तर आठवू नये, तशी ओशाळलेली होती ती.

"आत्या, डोन्ट टेल मॉम," ती हळू आवाजात म्हणाली. "आय नो इट. पण ते माझं वाटत नाहीये. कुणाचंतरी घालून बघतेय असं वाटतं. मला रविवारी जायचंय गं. मी तिथं लोकांना काय सांगू?"

मी तिला जवळ घेतले. ती माझ्यापेक्षा डोकेभर उंच होती, तरी वाकून माझ्या खांद्यावर टेकली. आणि मग, अगदी हलकेच, तिने मान फिरवली. तिचा उजवा कान माझ्या ओठांशी आला.

मी तिला दूर केले. कदाचित जरा जोराने.

७

शुक्रवारी सकाळी ती न्हायला गेल्यावर मी वायर परत जोडली. रविवारच्या आत हे संपवायला हवे होते. माझ्यापुढे दुसरा उपाय नव्हता, आणि हा उपाय शास्त्रालाही धरून होता. मी अठरा वर्षांपूर्वी सांगितलेले नाव त्याच्यापर्यंत पोचले नसावे. काच होती, यंत्रांचे आवाज होते, दिवस चुकीचा होता. आता बारसे पुरे करायचे, म्हणजे तो आपल्या ठिकाणी जाईल आणि हिचे नाव हिला मोकळे होईल.

न्हाणीघरातले पाणी थांबले. आरोही स्वयंपाकघरात गेल्याची पावले ऐकू आली. कपाट उघडले, भांडे खणखणले. दिवाणखान्यातले पडदे त्या दिवशी ओढायचे राहिले होते, आणि पट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा गालिच्यावर आल्या होत्या.

संघाची यादी उघडली. अकरा नंबर तेथेच होता. नावाची जागा रिकामी. यादीतले त्याचे छोटे चित्र इतरांसारखे समोर बघत नव्हते.

आरोहीने दाखवले होते तसे मी बटणाने एकेक अक्षर शोधले. रोमन लिपीत त्या नावाला सहा अक्षरे लागली. माझे बोट दोनदा चुकले. शेवटचे अक्षर आले तेव्हा मी पडद्याशी वाकले, त्याच्या कलत्या कानाशी, आणि अठरा वर्षांनी दुसऱ्यांदा ते नाव उच्चारले.

यंत्राने ते जतन केले. तक्रारीचा आवाज झाला नाही.

त्याच क्षणी वातानुकूलनाची घरघर थांबली. त्या शांततेत माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, थाप पडली. थाप तरी कशी म्हणावी? ओल्या तळहाताचा स्पर्श होता तो, आणि तो तळहात माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा होता.

मी वळले नाही. मला वळता आले नाही. पडद्यावर सामना आपोआप सुरू झाला होता. चेंडू अकरा नंबरकडे आला, आणि समालोचकाने त्याच्या त्याच आनंदी आवाजात वाक्य सुरू केले. "नाऊ इट्स."

पोकळी भरली गेली. त्याने ते नाव घेतले. ते कोणीही कधी रेकॉर्ड केलेले नव्हते, आणि तरी त्याचा प्रत्येक स्वर शुद्ध मराठी होता. आणि तो आवाज आता त्या समालोचकाचा नव्हता. अठरा वर्षांपूर्वी काचेच्या पेटीशी वाकलेल्या एका बाईचा, रडताना दाबून धरलेला, माझाच आवाज होता.

"ओ," स्वयंपाकघरातून उत्तर आले. "आले, आत्या."

८

माणसाच्या मनाला वाचायला वेळ लागत नाही, लागते ती तयारी. कांचनची ओळ मला त्या क्षणी माझ्याच अक्षरात दिसली. ह्याला आत घ्या. घेतलं तिनं. दिवसभर सावलीत होता.

म्हणजे दुपारी मी गेले तेव्हा खिडकीकडे तो नव्हताच. पेट्यांची अदलाबदल झाली होती, आणि तेथे ती होती.

तो अकरा दिवस जगून बिननावाचाच गेला होता. आणि जे नाव मी त्याचे म्हणून सांगितले, ते ज्या कानात पडले त्या कानाने ते अठरा वर्षे जपून ठेवले होते. पुढे ती घरी आल्यावर सगळ्यांसमोर पाळण्यात ठेवलेले 'आरोही' हे त्या नावावर घातलेले पांघरूण होते. ती त्या पांघरुणाखाली याच नावाने जगत होती. आणि ते नाव मी आत्ता, स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर शोधून, तिच्याकडून काढून त्याला दिले होते.

पडद्यावर अकरा नंबर ताठ उभा होता. मान सरळ, कान झाकलेला. प्रथमच तो माझ्याकडे वळलेला नव्हता. त्याच्या पायाशी नावाची पट्टी झळकत होती. बास्केटकडे पाठ करून तो मैदानाच्या कडेकडे चालत निघाला. एखाद्याला हवे ते मिळाले की तो जसा निघतो, तसा. कडेच्या काळोखात शिरण्यापूर्वी त्याने एकदा मागे पाहिले. तो चेहरा मी अर्धा क्षण पाहिला. साच्यातला नव्हता तो. तो आरोहीचा होता.

ती दारात आली. केस ओले, हातात पाण्याचा पेला.

"हाक मारलीस ना?" ती स्वच्छ मराठीत म्हणाली.

"आरोही."

तिने मागे वळून पाहिले. आपल्या पाठीशी कोणी उभे असून त्याला हाक मारली गेली असावी, तसे. मागे कोणी नव्हते. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले, आणि पेला खाली ठेवून ती माझ्यासमोर गालिच्यावर बसली. उन्हाची एक रेघ तिच्या गालावर आली. तिने हळूच मान कलती केली आणि उजवा कान माझ्याकडे केला.

मी तोंड तिच्या कानाशी नेले. "आरोही," मी म्हटले. "तुझं नाव आरोही. आरोही."

तिने समजल्यासारखी मान हलवली. क्षणभर मला वाटले, राहिले. मग तिचा चेहरा पुन्हा कोरा झाला, आणि कान पुन्हा तसाच पुढे आला. मी दुसरे नाव सांगितले. तिसरे सांगितले. आईचे सांगितले, आजीचे सांगितले, शेवटी माझेही सांगितले. एकही राहिले नाही. ती कंटाळली नाही. तिला कसलीच घाई नव्हती.

दुपार झाली असावी, गॅरेजचे दार वर सरकल्याचा आवाज आला. शुक्रवारी कांचन लवकर येते. मग तिचे बूट, किल्ल्यांचा आवाज, आणि रविवारच्या तयारीने भरलेल्या पिशव्यांचे घासणे.

"आरोही!" तिने बाहेरूनच आनंदाने हाक मारली. "ये गं जरा, पिशव्या घ्यायला!"

त्या खोलीत त्या हाकेला ओ देणारे कोणी नव्हते.